संगणकशास्त्राची पदवी: चार दरवाजे, एक विषय

पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातील एखाद्या मुलाने अथवा मुलीने विज्ञानशाखेतून बारावी उत्तीर्ण व्हावे आणि आपणांस संगणकशास्त्र शिकावयाचे आहे असे घरी जाहीर करावे, म्हणजे त्या घरात विषयाची चर्चा होण्याऐवजी दरवाजांची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी विद्याशाखेची चार वर्षांची बी. ई. अथवा बी. टेक.; विज्ञान विद्याशाखेची बी. एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स), जिला विद्यार्थी अद्यापि 'बीसीएस' म्हणतात; त्याच विद्याशाखेची बी. सी. ए. (सायन्स), आणि वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेची बी. बी. ए. (कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन) असे चार दरवाजे एकाच विद्यापीठात उघडे आहेत, आणि मुंबईस गेल्यास बी. एस्सी. (आय. टी.) हा आणखी एक सापडतो. चारही अभ्यासक्रमांत प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हीच प्रकरणे थोड्याफार फरकाने येतात, आणि चारही ठिकाणची पुष्कळशी मुले अखेरीस हिंजवडीच्या त्याच कंपन्यांच्या दाराशी आपापले दाखले घेऊन उभी राहतात. विषय एक असता दरवाजे चार का, आणि आत गेल्यावर विद्यार्थ्याच्या पदरात नेमके काय पडते, या प्रश्नांचे उत्तर शास्त्राच्या स्वरूपात शोधू गेल्यास मिळत नाही. ते विद्यापीठांच्या आणि सरकारी खात्यांच्या दप्तरांत आहे.

विषय जगातच वयाने लहान आहे. केंब्रिज विद्यापीठाने संगणकविद्येची पदविका सुरू केली ती १९५३ साली, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ साली, आणि पदवीपूर्व अभ्यासक्रम कसा असावा याचा पहिला मान्यताप्राप्त मसुदा ए. सी. एम. या तेथील संगणक-व्यावसायिकांच्या संस्थेने प्रसिद्ध केला तो १९६८ साली. हे शास्त्र गणिताचे, विद्युत-अभियांत्रिकीचे की व्यापारी हिशेबांचे, हा तंटा तेथेही होता. परंतु तेथे तो विद्वानांनी आपापसांत खेळला. आपल्याकडे त्याचा निकाल बव्हंशी कोणत्या खात्याची मंजुरी सुलभतेने मिळते यावर लागला.

वस्तुतः आरंभ वाईट नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. कानपूरच्या आय. आय. टी.त अमेरिकी विद्यापीठांच्या साहाय्याने आय. बी. एम. १६२० हे यंत्र १९६३ साली आले आणि तेथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहावयास शिकविण्याचा प्रघात पडला. पण ही संशोधनसंस्थांची कथा झाली. सामान्य विद्यापीठांना या विषयात पाऊल टाकण्याची सवड वा उमेद त्या काळी नव्हती, कारण संगणक या देशात यावा की नाही याविषयीच वाद चालू होता. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध आंदोलने केली होती, आणि सरकारने नेमलेल्या स्वयंचलन समितीने आपला अहवाल सादर केला तो १९७२ साली. त्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते हे आजच्या पुण्यातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, याविषयी मला शंका आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानी घेतली पाहिजे, ती ही की येथे धंदा आधी आला आणि पदवी मागाहून. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत १९६८ साली निघाली; इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली; एन. आय. आय. टी. ही शिकवणीची व्यापारी संस्था त्याच साली आणि अ‍ॅप्टेक १९८६ साली सुरू झाली. पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आणि त्याच्या मागोमाग महाविद्यालयांतील बी. एस्सी.चे वर्ग हे सारे १९८०च्या दशकातील. १९८४ साली राजीव गांधींच्या सरकारने संगणक-आयातीवरील बंधने सैल केली आणि मागणी एकाएकी वाढली. ज्या पदवीचा जन्म नोकरीच्या जाहिरातीला उत्तर म्हणून होतो, तिच्याकडून शास्त्राची निष्ठा एकदम अपेक्षिणे अन्यायाचे होईल. परंतु चाळीस वर्षांनंतरही तेच कारण पुढे करावे, हेही शोभत नाही.

दरवाजांचा उगम आता स्पष्ट होतो. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी १९८३ साली खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि सहकारी कारखान्यांच्या परिसरात, जिल्ह्याच्या गावी, हमरस्त्यालगतच्या माळावर इमारती उभ्या राहिल्या. त्यांत कॉम्प्युटर ही शाखा सर्वांत लवकर भरणारी ठरली. ज्या शिक्षणसंस्थांना अभियांत्रिकीचा पसारा मांडणे झेपण्यासारखे नव्हते, त्यांनी आपल्या जुन्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांतच बी. एस्सी.ची विनाअनुदानित तुकडी काढली; आणि ज्यांच्याकडे विज्ञानाच्या प्रयोगशाळाही नव्हत्या त्यांना वाणिज्य विद्याशाखेने आपला दरवाजा उघडून दिला. फी, प्रवेशाच्या अटी, शिक्षकाची अर्हता आणि देखरेख करणारे प्राधिकरण ही सर्व त्या त्या दरवाजाप्रमाणे बदलतात. बीसीएसला बारावीस गणित लागते, बी. बी. ए. (सी. ए.)ला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो; अभियांत्रिकीला सी. ई. टी. आणि कॅप फेऱ्यांचे चक्र पार करावे लागते.

या व्यवस्थेत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बी. सी. ए. आणि बी. बी. ए. हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले, आणि महाराष्ट्रात त्यांनाही सामाईक प्रवेशपरीक्षा लागू झाली. परिणाम असा झाला की अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रम तोच ठेवून त्याच्या नावात फेरफार केला, जेणेकरून परिषदेच्या हुकमातून सुटका व्हावी. एखाद्या शास्त्राच्या पदवीचे नाव एका उन्हाळ्यात बदलता येते आणि वर्गात शिकविणाऱ्याला त्यामुळे आपल्या टिपणांत एक ओळही बदलावी लागत नाही, यावरून नाव आणि आशय यांचा संबंध किती पातळ झाला आहे ते दिसते. त्याच परिषदेने त्याच सुमारास अभियांत्रिकीच्या चांगल्या संस्थांवरील प्रवेशक्षमतेची मर्यादा उठविल्याने कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, आणि स्थापत्य व यंत्र या जुन्या शाखांचे प्राध्यापक आपापल्या विभागाचे भवितव्य मोजू लागले.

शिक्षकाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. विनाअनुदानित तुकडीत शिकविणारा तरुण प्राध्यापक पुष्कळदा तासिका तत्त्वावर असतो. जूनमध्ये रुजू होतो, मार्चअखेर मोकळा होतो, आणि सुटीत त्याला पगार नसतो. त्याच्याच वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी पहिल्या नोकरीत त्याच्याहून अधिक मिळवितो. अशा स्थितीत जो टिकतो तो एकतर विषयाच्या प्रेमाने टिकतो किंवा दुसरीकडे कोठे जमले नाही म्हणून, आणि या दोहोंतील फरक मुले पहिल्या पंधरवड्यात ओळखतात. पहिल्या प्रकारचे शिक्षक मी पाहिले आहेत. संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करण्याची वेळ टळून गेल्यावरही एखाद्या मुलीच्या शेजारी स्टूल ओढून बसणारा, तिच्या प्रोग्रॅमची चूक स्वतः न दाखविता 'इथे व्हेरिएबलची किंमत छापून बघ, मग सांग' असे म्हणून उठून जाणारा शिक्षक जेथे आहे, तेथे दरवाजा कोणता याने फारसे बिघडत नाही.

प्रयोगशाळेचा विषय निघाला आहे तर तेथे किंचित रेंगाळू या, कारण या पदवीचे खरे चरित्र वर्गात नसून तेथे आहे. अनेक महाविद्यालयांत दीर्घ काळ टर्बो सी या एकाच साधनावर सी आणि सी प्लस प्लस शिकविले गेले. बोर्लंड कंपनीने त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली बाजारात आणली होती; सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ साली झाले आणि त्यानंतर जुन्या पद्धतीची शीर्षके अप्रमाण ठरली, तरी आमच्या मुलांच्या जर्नलमध्ये 'व्हॉइड मेन' आणि पडदा पुसण्याचे 'क्लिअर-स्क्रीन' हे फर्मान वर्षानुवर्षे पहिल्या दोन ओळींत विराजमान राहिले. नव्या विंडोज यंत्रांवर ते साधन चालेनासे झाले तेव्हा जुन्या डॉसचा आभास निर्माण करणारे दुसरे साधन बसवून त्यात ते चालविण्यात आले. लिनक्स आणि जी. सी. सी. फुकट उपलब्ध असता हा खटाटोप का, असे विचारल्यास उत्तर मिळे की प्रश्न तेच आहेत, जर्नल तेच आहे, मग साधन का बदलावे? त्या उत्तरात मूर्खपणा नव्हता. परीक्षापद्धतीचे अचूक आकलन होते.

प्रात्यक्षिक परीक्षा 'स्लिपां'वर चालते. संभाव्य प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधीच ठरलेल्या असतात, विद्यार्थी गठ्ठ्यातून एक उचलतो, आणि तीवरील प्रोग्रॅम टंकून, चालवून, बहिःस्थ परीक्षकाला दाखवितो. सर्व स्लिपांची उत्तरे वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे वंशपरंपरेने येतात. अशाच एका परीक्षेत बहिःस्थ म्हणून बसलो असता एका हुशार दिसणाऱ्या मुलाने दुहेरी लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम झरझर, न थांबता, टिपणाप्रमाणे समासांसकट उतरविला आणि तो पहिल्याच प्रयत्नात चालला. मी त्याला म्हटले, 'आता हीच यादी शेवटाकडून सुरुवातीकडे छापून दाखव.' दोन ओळींचे काम होते. दुहेरी जोडणीचा उपयोगच तो. तो कीबोर्डकडे पाहत राहिला आणि मग अत्यंत विनयाने म्हणाला, 'सर, हे स्लिपमध्ये नाहीये.' शेजारच्या अंतर्गत परीक्षकांनीही माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या नजरेतला भाव असा होता की पाहुण्याने यजमानाच्या घरी शिरस्ता मोडला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने जे टंकले ते त्याला मागितले होते. परंतु संगणकशास्त्र या नावाने जी विद्या ओळखली जाते तिचा गाभा त्या दोन ओळींत होता, आणि परीक्षेच्या तक्त्यात तिला जागा नव्हती.

गणिताची कथा याहून खेदजनक आहे. बीसीएसच्या जुन्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स हे विषय होते, आणि माझ्या मते ती योजना चारही दरवाजांतील सर्वांत शहाणपणाची होती. विद्यार्थ्यांना मात्र ती जाच वाटे. 'याचा जॉबला काय उपयोग?' हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या वर्गात ठरलेला. उपयोग असा: दहा लाख नावांची मतदारयादी वर्णानुक्रमे लावावयाची आहे असे समजा. शेजारच्या दोन नावांची अदलाबदल करीत जाणारी, पहिल्या सत्रात शिकविली जाणारी बबल सॉर्टची पद्धत वापरल्यास सुमारे ५० हजार कोटी तुलना कराव्या लागतील. यादी निम्मी-निम्मी करून, भाग लावून पुन्हा जोडणारी मर्ज सॉर्टची पद्धत वापरल्यास सुमारे २ कोटी पुरतात. लावलेल्या यादीत एक नाव शोधावयास वीसच तुलना लागतात. यंत्र कितीही महाग घेतले तरी हे अंतर पैशाने भरून निघत नाही. आणि ते का पडते हे सांगणारे गणित नेमके तेच, जे टाळण्यासाठी कित्येकजण दरवाजा बदलतात. डेटाबेसच्या तासाला एस्क्यूएलची वाक्ये घोकणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही की १९७० साली कॉड या संगणकशास्त्रज्ञाने ज्या निबंधात अशा डेटाबेसमागची संबंधात्मक रचनेची कल्पना मांडली ती संचांच्या आणि संबंधांच्या गणितावर उभी होती, आणि पहिल्या वर्षी त्याने कंटाळत सोडविलेली तीच उदाहरणे आता निराळा वेष घालून आली आहेत.

पदवीपूर्व वर्षांत या विषयातून किती उंच जाता येते याचे एक उदाहरण याच देशातले आहे. एखादी प्रचंड संख्या अविभाज्य आहे किंवा नाही हे निश्चितपणे आणि बहुपदी काळात, म्हणजे संख्येची लांबी वाढली तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळेत, ठरविणारी रीत आहे काय, हा प्रश्न दीर्घकाल अनुत्तरित होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी.तील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तशी रीत जाहीर केली. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी. टेक. पूर्ण केले होते, आणि या शोधाची पूर्वतयारी त्यांच्या बी. टेक.च्या प्रकल्पात झाली होती. २००४ साली तो निबंध 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आला आणि २००६ साली त्याला ग्योडेल पारितोषिक मिळाले. विशेष हे की त्यातील गणित अगम्य नाही. फर्माच्या लहान सिद्धांताचे बहुपदींपर्यंत केलेले विस्तरण हा त्याचा पाया आहे आणि चांगला पदवीधर थोड्या श्रमाने तो वाचू शकतो. आमच्याकडे अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणजे ग्रंथालय-व्यवस्थापन किंवा रुग्णालय-व्यवस्थापन, तोही पुष्कळदा बाजारातून तयार घेतलेला आणि सोनेरी अक्षरांत बांधलेला. कानपूरशी तुलना करणे कठोर आहे, हे मान्य. पण प्रकल्प हा शब्द दोन्हीकडे एकच वापरला जातो आणि दोन्हींना गुण मिळतात.

पुस्तकांच्या बाबतीत महाराष्ट्राने थोडा हातभार लावला आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' देशभरच्या वसतिगृहांत पोचले. अच्युत गोडबोले यांनी इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिमचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि मराठीत संगणकावर विपुल लेखन केले. तथापि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, जी गर्दी उसळते ती या ग्रंथांसाठी नसते. ती प्रकरणवार प्रश्नोत्तरांच्या पातळ पुस्तकांसाठी असते.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटर शाखा मराठी माध्यमातून सुरू केली. हा प्रयोग स्वागतार्ह आहे, परंतु वर्गात काय चालते ते पाहिल्यास असे दिसेल की बहुतेक महाविद्यालयांत हा विषय पूर्वीपासूनच मराठीत शिकविला जातो. 'स्टॅक रिकामा असताना पॉप केलं तर अंडरफ्लो येतो, म्हणून आधी टॉप तपासायचा' हे वाक्य मराठीच आहे, त्याची वाक्यरचना मराठी, क्रियापदे मराठी, आणि ते ऐकणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला ते पूर्णपणे कळते. तिची पंचाईत उत्तरपत्रिकेत होते, कारण तेथे तिला तेच इंग्रजीत लिहावे लागते, आणि जे तिला समजले ते तिला सांगता येत नाही म्हणून ती पाठ केलेले लिहिते. संस्कृतप्रचुर पारिभाषिक कोश रचून तिची सुटका होणार नाही. वर्गातले ते वाक्य तसेच उत्तरपत्रिकेत ग्राह्य धरावे, एवढी तरतूद पुरेशी आहे.

नोकरी देणाऱ्यांनी या सर्व घालमेलीवर आपला तोडगा केव्हाच काढला. मोठ्या कंपन्या यंत्र-अभियंत्यालाही घेतात आणि संगणक-अभियंत्यालाही, इन्फोसिस आपल्या म्हैसूरच्या आवारात नव्या भरतीला पुन्हा पायापासून शिकविते, विप्रो बी. एस्सी. व बी. सी. ए. झालेल्यांना कामावर घेऊन नोकरीबरोबर एम. टेक. करविते. याचा अर्थ कोणी असा घेईल की पदवी निरुपयोगी आहे. मला तसे वाटत नाही. कंपन्या पदवीकडे निवडीची चाळणी म्हणून पाहतात, आणि चाळणीत काय शिकविले याची चौकशी कोणी करीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून या तडजोडीला तडा गेला आहे. स्लिपेवरील प्रत्येक प्रोग्रॅम आता यंत्र स्वतःच, टिपणाहून नीटनेटका, काही क्षणांत लिहून देते. पाठ करणे हे ज्याचे भांडवल होते त्याचे भांडवल बुडाले. यावर काही महाविद्यालयांनी इंटरनेट बंद करण्याचा बंदोबस्त केला, काहींनी प्रोग्रॅम हाताने कागदावर लिहून मागण्यास आरंभ केला. दोन्ही उपाय पूर्वीच्याच परीक्षेचे रक्षण करणारे आहेत. वस्तुतः बदलावयाचा आहे तो प्रश्न. विद्यार्थ्याला चालणारा प्रोग्रॅम लिहावयास सांगण्याऐवजी न चालणारा प्रोग्रॅम हाती द्यावा, त्यात तीन चुका पेराव्यात, त्यांपैकी एक अशी असावी की जी कंपायलरला दिसत नाही आणि केवळ विशिष्ट माहिती दिल्यावरच प्रकट होते. आणि त्याने चूक कशी शोधली हे परीक्षकाला तोंडी, त्याच्या वर्गातल्या भाषेत सांगावे.

यात अडचणी आहेत. असा प्रश्न दरवर्षी नवा काढावा लागेल, परीक्षकाला एका विद्यार्थ्यामागे पाच मिनिटांऐवजी वीस द्यावी लागतील, आणि एका दिवसात दोन तुकड्या उरकण्याचा हिशेब जमणार नाही. संलग्न महाविद्यालयांत हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाशी झगडल्याशिवाय होणार नाही. स्वायत्त महाविद्यालयांची गोष्ट निराळी: त्यांचे अभ्यासमंडळ त्यांचे आहे, प्रश्नपत्रिका त्यांची आहे, गुणांची विभागणी त्यांच्या हाती आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने त्यांना आपले सर्व अभ्यासक्रम नुकतेच पुन्हा लिहावे लागले आहेत. त्यांतल्या एखाद्याने द्वितीय वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रात्यक्षिकापासून आरंभ करावा. स्लिपांचा गठ्ठा हवा तर टेबलावर राहू द्यावा, मात्र प्रत्येक स्लिपेच्या पाठीमागे एक प्रश्न असा असावा जो मुलांना आधी कळलेला नाही.